विश्लेषण : झ्यूसला मारणारा क्रेटोस ग्रीक पुराणात आहे का? ‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडीओ गेममागची कथा काय?

अंगावर राखेचा पांढरा थर, चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत गेलेला लाल पट्टा आणि हातांना साखळ्यांनी जखडलेली दोन पाती. प्लेस्टेशनवर खेळणाऱ्या कुणालाही हे वर्णन ऐकून ‘क्रेटोस’ हे नाव लगेच आठवेल. ‘गॉड ऑफ वॉर’ या गेममालिकेचा हा नायक २००५ पासून आधी ग्रीक आणि नंतर नॉर्स देवांशी लढतो आहे. अनेक तरुणांना झ्यूस, पोसायडन, पँडोरा ही नावे पहिल्यांदा पुस्तकातून नव्हे, तर याच गेममधून कळली. मात्र गेममध्ये दाखवलेली कथा ग्रीक पुराणात तशी आहे का? इतकी हिंसा असलेला हा खेळ मुलांनी खेळावा का? आणि भारतीय पुराणकथांवर असे गेम का दिसत नाहीत?

‘हॅक अँड स्लॅश’ म्हणजे काय?

हत्यार घेऊन समोर येणाऱ्या शत्रूंना सपासप कापत पुढे जाणे, असा या प्रकारचा सरळ अर्थ. हा शब्द मूळचा व्हिडीओ गेमचा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांत कथेपेक्षा मारामारीतच रमणाऱ्यांसाठी तो वापरला जाई. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘डेव्हिल मे क्राय’ २००१ मध्ये आला आणि त्रिमितीय गेममध्ये या प्रकाराचा साचा पक्का झाला. एका बटणाने हलका वार, दुसऱ्याने जोरदार वार, तिसऱ्याने बचाव. या बटणांचा क्रम बदलला की वारांची वेगळी मालिका तयार होते. तिला ‘कॉम्बो’ म्हणतात.

सोनीच्या सांता मोनिका स्टुडिओने मार्च २००५ मध्ये प्लेस्टेशन २ साठी ‘गॉड ऑफ वॉर’ आणला. दिग्दर्शक होते डेव्हिड जॅफी. क्रेटोसची पाती साखळीला बांधलेली असल्यामुळे दूरवरच्या शत्रूलाही वार पोहोचतो आणि एका फेऱ्यात चहूबाजूंचे शत्रू आडवे होतात. त्यामुळे नवखा खेळाडूही पहिल्या काही मिनिटांतच आपण फार बलवान असल्याचा अनुभव घेतो. मारलेल्या शत्रूंमधून रंगीत गोळे बाहेर पडतात. हिरवे गोळे प्राणशक्ती भरून काढतात, निळे जादू वाढवतात आणि लाल गोळे साठवून हत्यारे अधिक धारदार करता येतात. लढाईच्या मध्ये मध्ये कोडी येतात. ठोकळा सरकवणे, कळ फिरवणे, वेळेत दार गाठणे. त्यामुळे हा केवळ बटणे बडवण्याचा खेळ राहत नाही.

गेमची कथा काय?

क्रेटोस हा स्पार्टाचा सेनापती. एका लढाईत पराभव समोर दिसत असताना तो युद्धदेव एरीसला साद घालतो. विजय दे, मी तुझा गुलाम होईन, असा हा सौदा असतो. एरीस त्याला साखळ्यांची पाती देतो. पुढे तो एरीससाठी गावेच्या गावे जाळतो. अशाच एका गावातल्या मंदिरात रक्ताच्या धुंदीत तो आत असलेल्या सगळ्यांना कापतो. भानावर येतो तेव्हा त्याची बायको आणि मुलगी समोर मरून पडलेल्या असतात. एरीसनेच त्यांना तिथे आणून ठेवलेले असते. त्या दोघींची राख शापाने त्याच्या कातडीला कायमची चिकटते. त्याचा पांढरा रंग हा असा आला आहे.

पुढची दहा वर्षे तो देवांची चाकरी करतो. त्या बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी असते. रोज रात्री दिसणारी ती दृश्ये थांबावीत. एरीसने अथेन्सवर हल्ला केल्यावर अथेना त्याला एरीसला मारण्याची कामगिरी देते. त्यासाठी तो पँडोराची पेटी शोधून आणतो आणि एरीसला संपवतो. शेवटी देव सांगतात, तुला क्षमा केली. पण आठवणी पुसता येणार नाहीत. तो कड्यावरून उडी टाकतो. देव त्याला मरूही देत नाहीत आणि एरीसच्या रिकाम्या सिंहासनावर बसवतात. पुढच्या दोन मुख्य भागांत, म्हणजे २००७ आणि २०१० मध्ये, सूडाची ही आग झ्यूसपर्यंत पोहोचते.

मूळ ग्रीक पुराणात क्रेटोस आहे का?

आहे, पण तो हा नव्हे. ग्रीक भाषेत ‘क्रेटोस’ म्हणजे बळ, सत्ता. लोकशाहीसाठीच्या ‘डेमोक्रसी’ या शब्दाचा उत्तरार्ध याच शब्दातून आला आहे. हेसियडच्या ‘थिओगनी’त क्रेटोस हा स्टिक्सचा मुलगा आहे. नायकी, झेलस आणि बिया ही त्याची भावंडे. ही सगळी झ्यूसच्या बाजूची. एस्किलसच्या नावावर असलेल्या ‘प्रोमिथियस बाउंड’ या नाटकात माणसाला अग्नी देणाऱ्या प्रोमिथियसला खडकाला जखडायला क्रेटोस आणि बिया येतात. हा क्रेटोस झ्यूसच्या हुकमाचा ताबेदार आहे. गेममधला क्रेटोस त्याच झ्यूसच्या जिवावर उठतो. नाव सारखे, काम नेमके उलटे.

मग क्रेटोसची कथा कुठून आली?

बायको-मुलांना स्वतःच्या हाताने मारणारा वीर ग्रीकांना परका नव्हता. त्याचे नाव हेराक्लीज, रोमन उच्चारात हर्क्युलिस. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात युरिपिडीजने लिहिलेल्या ‘हेराक्लीज’ या नाटकात हेरा देवी त्याच्यावर वेड सोडते. त्या वेडात तो पत्नी मेगारा आणि मुलांचा जीव घेतो. अपोलोडोरसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहात त्याची प्रसिद्ध कामगिरी, म्हणजे सिंहाला मारणे, अनेक डोक्यांच्या हायड्राशी लढणे वगैरे, या पापाचे प्रायश्चित्त म्हणून येते. देवाने केलेला घात, स्वकीयांची हत्या, नंतर अशक्य कामांची मालिका हा सांगाडा गेममध्ये जवळपास तसाच दिसतो. योगायोग असो वा नसो, पहिल्या गेमची पहिली मोठी लढाईही हायड्राशीच आहे. तिसऱ्या भागात तर खुद्द हर्क्युलिस क्रेटोससमोर उभा राहतो.

फरक शेवटात आहे. युरिपिडीजच्या नाटकात भानावर आलेल्या हेराक्लीजला मरायचे असते. तेव्हा त्याचा मित्र थीसियस त्याच्याजवळ बसतो, त्याला हाताला धरून उठवतो आणि अथेन्सला घेऊन जातो. अपराध पुसला जात नाही. पण त्याच्यासोबत जगायला एक माणूस मिळतो. क्रेटोसला असा मित्र नाही. त्याला देव मिळतात आणि देव त्याला सिंहासन देतात. ग्रीक काळातल्या गेमची सगळी शोकांतिका या एका फरकात आहे, असे म्हणता येईल.

गेमने पुराणकथा किती बदलल्या?

बऱ्याच. गेममधला एरीस अथेन्स बेचिराख करणारा राक्षसी देव आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये मात्र त्याची फजितीच जास्त. अथेनाच्या मदतीने डायोमिडीज नावाचा माणूस त्याला भाल्याने जखमी करतो, तो किंचाळत ऑलिंपसवर जातो आणि झ्यूस त्यालाच फटकारतो. स्पार्टाशी युद्धदेवाचे नाते खरेच होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पॉसानियस याने स्पार्टात युद्धदेवाची बेड्या घातलेली प्राचीन मूर्ती असल्याची नोंद केली आहे. देवाने आपल्याला सोडून जाऊ नये, अशी त्यामागची भावना असल्याचे तो सांगतो. गेममध्ये साखळ्या भक्ताच्या हाताला आहेत. स्पार्टात त्या देवाच्या पायात होत्या.

पँडोराची ‘पेटी’ ही तर गेमची नव्हे, भाषांतराची देणगी आहे. हेसियडने ‘पिथोस’ म्हणजे धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण म्हटले होते. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिन लेखनात त्याची डबी झाली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. रांजणातून सगळी दुःखे बाहेर पडतात आणि तळाशी फक्त आशा उरते, ही मूळ कथा. तिसऱ्या गेमचा शेवट याच उरलेल्या आशेवर बेतला आहे.

एक धागा मात्र गेमने अचूक पकडला. युरेनसला त्याचा मुलगा क्रोनस खाली खेचतो. आपलेही तसेच होईल या भीतीने क्रोनस स्वतःची मुले गिळतो. त्यातून वाचलेला झ्यूस बापाला हटवतो. दुसऱ्या भागात क्रेटोस हा झ्यूसचाच मुलगा असल्याचे उघड होते. म्हणजे तो पुराणातल्याच साखळीची पुढची कडी ठरतो.

पाहणे आणि खेळणे यात फरक काय?

चित्रपटात नायकाने चूक केली तर प्रेक्षक हळहळतो. गेममध्ये ती चूक करण्यासाठी बटण खेळाडूला दाबावे लागते. पहिल्या भागात एके ठिकाणी पिंजऱ्यात अडकलेला एक सैनिक जिवाची भीक मागत असतो. तो पिंजरा ढकलत नेऊन त्याचा बळी दिल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. दुसरा मार्ग नाही. खेळायचे तर हे करावे लागते.

याउलट, एरीसबरोबरच्या शेवटच्या लढाईत क्रेटोसच्या बायको-मुलीवर त्याच्याच रूपाचे असंख्य हल्लेखोर धावून येतात. तिथे खेळाडूने एक बटण दाबले की क्रेटोस त्या दोघींना मिठी मारतो आणि स्वतःची प्राणशक्ती त्यांना देतो. मारामारीने भरलेल्या खेळात जवळ घेणे ही इथे एक चाल आहे.

तिसऱ्या भागात पोसायडन मरताच समुद्र खवळून जमीन गिळतो. सूर्यदेव हीलिऑस मरतो आणि आकाश काळवंडते. हर्मीस मरतो आणि रोगराई पसरते. हेरा मरते आणि झाडेझुडपे सुकतात. एकेक विजय मिळवताना खेळाडू ज्या जगात खेळतो आहे तेच जग संपत जाते. झ्यूसला ठोसे मारण्याच्या दृश्यात तर पडदा रक्ताने लाल होऊन काहीच दिसेनासे होते. बटण दाबत राहिले तर ठोसे चालूच राहतात. ते कधी थांबवायचे, हे गेम सांगत नाही. खेळाडूला स्वतःहून हात आवरावा लागतो. सूडाला आपणहून शेवट नसतो, हे सांगायला इथे संवाद लागत नाही.

अर्थात, प्रत्येक हिंसक दृश्यामागे असा विचार आहे असे नाही. काही दृश्ये केवळ अंगावर यावीत म्हणूनच आहेत. स्त्रियांचे चित्रण हा ग्रीक काळातल्या भागांचा सर्वांत कच्चा दुवा. २०१३ च्या ‘असेन्शन’ या भागात खेळाडूला मिळणाऱ्या एका ‘ट्रॉफी’चे नाव स्त्रियांना हिणवणारे असल्याची टीका झाली आणि ते बदलावे लागले.

मुलांनी हे गेम खेळावेत का?

लहान मुलांनी नाही, हे उत्तर खुद्द गेमच्या वेष्टनावर आहे. युरोपातील ‘पेगी’ या मानांकनानुसार हे गेम १८ वर्षांवरील, तर अमेरिकेतील ‘ईएसआरबी’नुसार १७ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहेत. भारतात चित्रपटाला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र लागते, तसे व्हिडीओ गेमला लागत नाही. त्यामुळे वेष्टनावरचा तो आकडा पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात पालकांवर येते. कन्सोलमध्ये वयानुसार गेम रोखण्याची सोयही असते.

हिंसक गेममुळे मुले गुन्हेगार होतात का, हा वेगळा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी दाखला दिला तो होमरचा. ओडिसियस एकाक्ष राक्षसाचा डोळा तापवलेल्या खुंट्याने फोडतो, ही कथा शाळेत शिकवली जातेच, असा त्यांचा मुद्दा होता. क्रेटोसही एकाक्ष राक्षसांचे डोळे उपटतो. मात्र वाचणे आणि स्वतः बटण दाबून करणे सारखेच आहे का, यावर त्या न्यायालयातही सगळ्यांचे एकमत नव्हते.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये घेतलेली भूमिका दोन्ही बाजूंना जमिनीवर आणणारी आहे. हिंसक गेम आणि ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वागण्यात अल्प पण सातत्याने संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांशी तो जोडण्याइतका पुरावा नाही, असे संघटनेने म्हटले. थोडक्यात, गुन्ह्याचे खापर गेमवर फोडणे चूक आणि ‘गेमच तर आहे’ म्हणून दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणेही चूक.

क्रेटोस पुढे बदलला का?

हो, आणि म्हणूनच ही मालिका आजही चर्चेत आहे. २०१८ च्या गेममध्ये दिग्दर्शक कोरी बारलॉग यांनी त्याला ग्रीसमधून उत्तरेकडच्या नॉर्स देवांच्या प्रदेशात आणले. आता तो दाढीवाला, थकलेला बाप आहे. दुसऱ्या पत्नीचे निधन झाले आहे. तिची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून उधळायची तिची शेवटची इच्छा पूर्ण करायला तो मुलगा अट्रेयसला घेऊन निघतो. ग्रीक काळातला कॅमेरा दूर, उंचावर असे. इथे तो क्रेटोसच्या खांद्यामागे येतो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही ‘कट’ होत नाही. हातात पात्यांऐवजी कुऱ्हाड आहे. जुनी पाती त्याने घराच्या जमिनीखाली लपवली आहेत. आजारी मुलाला वाचवण्यासाठी ती पुन्हा बाहेर काढावी लागतात, तेव्हा लपवलेला भूतकाळही बाहेर येतो. आपण बापाला मारले, हे तो अखेर मुलाला सांगतो. युरेनसपासून चालत आलेली बाप-लेकांची ती साखळी इथे तोडायची आहे.

या गेमला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०१८ चा सर्वोत्कृष्ट गेम म्हणून गौरवण्यात आले. नोव्हेंबर २०२२ पर्यंत त्याच्या २ कोटी ३० लाख प्रती विकल्या गेल्या. त्याच महिन्यात आलेल्या ‘रॅग्नरॉक’ची विक्री पहिल्याच आठवड्यात ५१ लाखांवर गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मोफत मिळालेल्या ‘वल्हाला’ या जोडभागात क्रेटोस आपल्या ग्रीक भूतकाळाकडे पुन्हा वळून पाहतो.

‘हेडीस’ वेगळा कसा?

ग्रीक पुराणाकडे जाण्याचा दुसरा रस्ता सुपरजायंट गेम्सच्या ‘हेडीस’ने २०२० मध्ये दाखवला. पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा झॅग्रियस घर सोडून पळू पाहतो. वाटेत लढताना तो मरतो आणि पुन्हा बापाच्याच दरबारात येतो. इथे मरण म्हणजे हार नव्हे. प्रत्येक वेळी घरातली माणसे दोन वाक्ये जास्त बोलतात आणि कथा पुढे सरकते. विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार २०२१ मध्ये प्रथमच व्हिडीओ गेमला देण्यात आला, तो ‘हेडीस’ला. क्रेटोसची कापाकापी नको, पण ग्रीक देवांच्या घरातली भांडणे हवीत, अशांसाठी हा चांगला प्रारंभ ठरतो. ‘हेडीस २’ सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात आला.

भारतीय पुराणकथांवर असे गेम का नाहीत?

झ्यूसला पडद्यावर मारता येते, कारण त्याच्या देवळात रोज आरती होत नाही. आपल्याकडे देव घराघरांत आहेत. त्यामुळे त्यांना बटणांनी हलवणे हाच वादाचा विषय होतो. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आला, तेव्हा देवाला खेळाडूच्या हातचे खेळणे केल्याची टीका परदेशातील हिंदू नेत्यांनी केली होती.

यावर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने वेगळी वाट काढली. त्यांच्या २०२० मधील ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’मध्ये खेळाडू देव होत नाही. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधत निघते. दुर्गा तिला निवडते, तिच्या हाती त्रिशूळ येतो आणि तिच्या प्रवासाची कथा दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत सांगतात. देव साक्षी आहेत, लढते ती माणसाची पोर. हा गेम ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

ग्रीकांनीही आपल्या कथा कधी एकाच साच्यात ठेवल्या नाहीत. होमरचा एरीस वेगळा, स्पार्टाचा वेगळा. हेराक्लीजची कहाणी प्रत्येक नाटककाराने आपल्या परीने वळवली. ‘गॉड ऑफ वॉर’ ही त्यातली एक आवृत्ती, तीही प्रौढांसाठीची. गेम खेळून झाल्यावर एखाद्या मुलाने ‘खरा क्रेटोस कोण होता?’ असे विचारले, तर त्याला रागावण्यापेक्षा हेराक्लीज आणि थीसियसची गोष्ट सांगावी. गेममध्ये नसलेला तो मित्र त्याला तिथे भेटेल.